जिप्समच्या पायावर पाणीसाठा: चाचणी प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी २०२५

नागौर भागातून जिप्समचे कोअर (ड्रिलिंग करून काढलेले खडकाचे दंडगोल) येणार आहेत. या थरावर साठवण तलाव बांधता येईल का, आणि बांधायचा झाल्यास पायाची कोणती कामे टाळून चालणार नाहीत, एवढ्याचे उत्तर द्यायचे आहे. राजस्थानातला बराचसा जिप्सम जमिनीलगतचा, माती-वाळूत मिसळलेला असतो. नागौरकडे मात्र तो मातीच्या आवरणाखाली सलग थर म्हणून सापडतो, म्हणजे पायाचा खडक म्हणूनच त्याचा विचार करावा लागतो.

महाराष्ट्रातल्या खडक प्रयोगशाळांचा हात बेसाल्टवर बसलेला आहे. बेसाल्ट रात्रभर १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, दोन दिवस पाण्यात बुडवा, नळाच्या पाण्यावर कापा, तो बेसाल्टच राहतो. जिप्समच्या बाबतीत यातली प्रत्येक कृती नमुना बदलून टाकते. म्हणून पहिले काम चाचण्या करण्याचे नाही, चाचण्यांच्या पद्धती दुरुस्त करण्याचे आहे.

हाताशी ठेवायचे आकडे: जिप्सम म्हणजे पाण्याचे दोन रेणू धरून बसलेले कॅल्शियम सल्फेट. वजनाच्या २०.९ टक्के स्फटिकजल. घनता २.३२ ग्रॅम प्रति घसेमी. मोहस कठीणता २, नखाने ओरखडा उठतो. साध्या पाण्यात विद्राव्यता लिटरला सुमारे २.४ ग्रॅम. अ‍ॅनहायड्राइट म्हणजे तेच कॅल्शियम सल्फेट, पण पाण्याविना: घनता २.९६ च्या आसपास, कठीणता ३ ते ३.५, नखाला दाद देत नाही.

१३ जानेवारी

ड्रिलिंगवाल्यांना सूचना पाठवल्या. साध्या पाण्यावर कोअर काढला तर बिटभोवती फिरणारे ताजे पाणी कोअरचा पृष्ठभाग आणि भेगांच्या कडा खाते. व्यास कमी भरतो आणि भेगा असतात त्यापेक्षा रुंद दिसतात. मग अहवालात भेगांची रुंदी चुकते, आणि या कामात सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच आहे.

उपाय सोपा आहे: फिरवायचे पाणी आधीच जिप्समने संपृक्त करून घ्यायचे. २०० लिटरच्या पिंपात बारीक दळलेला जिप्सम १ किलो टाकायचा. लागतो साधारण अर्धा किलोच, उरलेला तळाशी राहिला पाहिजे. पिंप चांगले ढवळायचे, रात्रभर ठेवायचे, सकाळी पुन्हा ढवळून निवळ पाणी वापरायचे. २५ अंशांना ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) मीटरवर २.२ मिलिसीमेन्स प्रति सेंमीच्या आसपास वाचन आले की पाणी तयार. हा आकडा स्वच्छ पाण्याने सुरुवात केली तरच लागू पडतो. विहिरीचे पाणी मुळातच खारट असेल तर वाचन आधीच वर असते. तिथे मीटरवर विसंबू नये, तळाशी न विरघळलेला जिप्सम उरतो का ते पाहावे.

मिठाचे पाणी वापरायचे नाही, हे ठळक अक्षरांत लिहिले. सैंधवाच्या थरात ड्रिलिंग करणारे मिठाचे संपृक्त पाणी वापरतात, आणि तीच सवय इथे आणली तर उलटा परिणाम होतो. लिटरला १०० ग्रॅमच्या वर मीठ असलेल्या पाण्यात जिप्समची विद्राव्यता साध्या पाण्याच्या जवळजवळ तिप्पट होते. राजस्थानात भूजल अनेक ठिकाणी खारे आहे. ‘खारे पाणी आहे, म्हणजे आधीच भरलेले आहे, आणखी काही विरघळवणार नाही’ हा समज जिप्समच्या बाबतीत धोक्याचा आहे. पाण्यात कॅल्शियम किंवा सल्फेट असेल तर विद्राव्यता घटते, नुसत्या मिठाने वाढते.

कोअर बाहेर आला की पुसून लगेच प्लास्टिक फिल्ममध्ये गुंडाळायचा, वरून मेण. पेटी सावलीत. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ट्रकच्या टपावर नको, कारण कोरड्या आणि तापलेल्या हवेत जिप्सम पृष्ठभागावरून पाणी सोडू लागतो.

२२ जानेवारी

पेट्या उघडल्या, वर्णन लिहिले. खडक तीन प्रकारांत येतो आणि ते वेगवेगळे नोंदवायचे आहेत: बारीक कणांचा पांढरट-करडा अलाबास्टर, मोठ्या पारदर्शक पट्ट्यांचा सेलेनाइट, आणि मातीच्या पातळ थरांमधून जाणाऱ्या, रेशमासारख्या चमकणाऱ्या तंतुमय शिरा. शिरांतले तंतू भेगेला काटकोनात उभे असतात, म्हणून नखाने ढकलले तरी शीर आडवी सुटते. या शिरा अलाबास्टरच्या सरासरीत मिसळल्या तर हाती येणारा आकडा दोन्हींपैकी कशालाच लागू पडणार नाही.

ओळख पटवण्याच्या तीन साध्या गोष्टी प्रत्येक मीटरवर केल्या: नखाचा ओरखडा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब (फेस आला तर चुनखडी आहे, जिप्सम आणि अ‍ॅनहायड्राइट फेसत नाहीत), आणि हातातले वजन. अ‍ॅनहायड्राइटचा तुकडा त्याच आकाराच्या जिप्समपेक्षा जड लागतो, फरक पाव पटीहून जास्त आहे. शंका असलेले तुकडे क्ष-किरण विवर्तनासाठी (क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याची चाचणी) बाजूला काढले.

२७ जानेवारी

ओव्हनचा प्रश्न. यावर जास्त वेळ दिला, कारण पुढचे सगळे आकडे यावर उभे आहेत.

एनएक्स या प्रमाणित आकाराच्या कोअरचा व्यास ५४.७ मिमी. ११० मिमी लांबीचा नमुना साधारण ५९५ ग्रॅम भरतो. तो नेहमीप्रमाणे १०५–११० अंशांना ठेवला तर जिप्सम हळूहळू अर्धजलयुक्त रूपात जातो, म्हणजेच प्लास्टर ऑफ पॅरिस होऊ लागतो. या बदलात वजनाचे १५.७ टक्के पाणी निघून जाते. ५९५ ग्रॅमच्या नमुन्यातून जास्तीत जास्त ९३ ग्रॅम. नोंदवहीत हे ‘ओलावा’ म्हणून चढते आणि कोरड्या वजनावर १८ टक्क्यांच्या वर दिसते. प्रत्यक्षात घट्ट अलाबास्टरमधला मोकळा ओलावा एक टक्काही नसतो. आकडा चुकतो तो चुकतोच, शिवाय नमुना वाया जातो: खडूसारखा पांढरा पडतो, बोटाला पूड लागते, आणि त्यानंतर त्याचे सामर्थ्य मोजण्यात अर्थ नाही.

आयएस (भारतीय मानक) २७२० भाग २ मध्ये जिप्समयुक्त मातीसाठी ६० ते ८० अंशांची मुभा आहे. मातीसाठी ते चालते. या कामात आम्ही त्याहून खाली, ४५ अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवणार. वेळ जास्त लागतो, पण ८० अंशांच्या कोरड्या हवेत बराच वेळ ठेवलेला बारीक जिप्सम स्फटिकजल सोडतो. ओव्हनच्या डायलवर विश्वास नाही. नमुन्याच्या शेजारी वेगळा थर्मामीटर ठेवायचा. ४५ लावलेला ओव्हन वरच्या कप्प्यात ६० असू शकतो.

शुद्धता काढण्यासाठी मात्र हाच गुणधर्म कामाला येतो. ४५ अंशांना वाळवलेली पूड २१५ ते २३० अंशांना स्थिर वजनापर्यंत तापवायची. जी घट येईल ते स्फटिकजल. त्याला २०.९ ने भागले की जिप्समचे प्रमाण मिळते: घट १८.५ टक्के आली तर जिप्सम सुमारे ८८ टक्के. माती जास्त असलेल्या थरात मातीचेही पाणी यात येते, म्हणून तिथे सल्फेटची रासायनिक चाचणी जोडीला हवी.

३० जानेवारी

क्ष-किरण विवर्तनाची पूड कशी करायची ते ठरले: खलबत्त्यात, आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून, हळू. कोरड्या बॉल मिलमध्ये घर्षणाच्या उष्णतेने जिप्समचा काही भाग अर्धजलयुक्त होतो आणि खडकात नसलेले खनिज आलेखावर उमटते. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर जिप्समचे मुख्य शिखर ११.६ अंशांना (हा विवर्तनाचा कोन, तापमान नव्हे), अर्धजलयुक्ताचे १४.७ ला, अ‍ॅनहायड्राइटचे २५.४ ला. अर्धजलयुक्ताचे एक शिखर २५.७ ला आहे आणि ते अ‍ॅनहायड्राइटला चिकटून बसते. म्हणून आधी १४.७ पाहायचे; तिथे काही नसेल तरच २५ च्या पुढचे शिखर अ‍ॅनहायड्राइटच्या नावावर टाकायचे.

४ फेब्रुवारी

घनता आणि सच्छिद्रता. आयएस १३०३० ची बुडवण्याची पद्धत साध्या पाण्यात चालणार नाही. दोन पर्याय: संपृक्त जिप्सम पाणी किंवा रॉकेल. रॉकेल जिप्समला शिवत नाही आणि बारीक छिद्रांत चांगले शिरते. त्याची घनता त्या दिवशीच्या तापमानाला मोजून घ्यायची, पुस्तकातली घ्यायची नाही. पण रॉकेलने भिजलेला नमुना पुढे सामर्थ्याला वापरता येत नाही. त्यामुळे घनतेचे तुकडे वेगळे, सामर्थ्याचे वेगळे.

११ फेब्रुवारी

एकअक्षीय दाबसामर्थ्य. नमुने आयएस ९१७९ प्रमाणे कापले, करवतीवर आणि ग्राइंडरवर तेच संपृक्त पाणी. ग्राइंडरचा दाब कमी ठेवावा लागतो, नाहीतर सेलेनाइटच्या पट्ट्या टोकाशी सुटतात आणि टोकाला पायऱ्या पडतात. टोकांवर गरम गंधकाचे कॅपिंग करायचे नाही. गंधक १३० अंशांच्या वर वितळवून ओततात, तेवढ्या उष्णतेने टोकाचा जिप्समच भाजला जातो. टोके घासूनच सपाट करायची.

यंत्र: काँक्रीट क्यूबचे २००० किलोन्यूटनचे यंत्र इथे निरुपयोगी. एनएक्स नमुन्याचे क्षेत्रफळ २३५० चौमिमी. २५ मेगापास्कलला तुटणारा नमुना ५९ किलोन्यूटनला तुटतो. ते वाचन यंत्राच्या क्षमतेच्या ३ टक्क्यांवर येते, आणि तिथे यंत्राची अचूकता कुणी तपासलेली नसते. १०० किलोन्यूटनचा लोड सेल लावला.

भार चढवण्याचा वेग हा इथला खरा मुद्दा. सेकंदाला ०.५ ते १ मेगापास्कल हा नेहमीचा वेग. त्याने बेसाल्टचा नमुना काही मिनिटांत तुटतो, पण २५ मेगापास्कलचा जिप्सम ५० सेकंदांच्या आत संपतो. जिप्सम भाराखाली सरपटणारा, म्हणजे भार तोच असूनही हळूहळू आकार बदलणारा, खडक आहे. जेवढ्या घाईने भार द्याल तेवढे सामर्थ्य फुगून दिसते. म्हणून तुटायला पाच मिनिटे लागतील असा वेग घेतला: सेकंदाला सुमारे ०.०८ मेगापास्कल. अहवालात वेग लिहायचाच. वेग न लिहिलेले दोन अहवाल एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

तुटलेला नमुना हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. बेसाल्ट कडाडून फुटतो, तुकडे उडतात. अलाबास्टर आधी कलत्या पट्ट्यांमध्ये पांढरा पडतो. भिंगाखाली त्या पट्टीतले कण चिरडलेले आणि वाकलेले दिसतात, आणि शिखर भार गेल्यावरही नमुना बराच वेळ काही भार धरून राहतो. आलेखाचे टोक त्यामुळे बोथट येते. लवचिकतेचा गुणांक काढताना शिखराच्या निम्म्या भारावरची स्पर्शिका घेतली. त्याच्या वर गेले की वक्र वाकतो.

आकडे नेहमीच्या पट्ट्यातच आहेत. जिप्समचे सामर्थ्य साधारण १० ते ४० मेगापास्कल असते, घट्ट दख्खनी बेसाल्टचे १०० च्या वर. तलावाच्या बांधाचा भार यापुढे क्षुल्लक आहे: २० मीटर मातीभरावाखाली पायावर जेमतेम ०.४ मेगापास्कल येतो. सामर्थ्याच्या निकषावर हा पाया सहज उत्तीर्ण होतो, आणि नेमकी हीच जागा फसवी आहे.

१४ फेब्रुवारी

बिंदुभार निर्देशांक (दोन टोकांमध्ये दाबून तुकडा फोडण्याची झटपट चाचणी): घेतले, पण त्याला २२–२४ ने गुणून सामर्थ्य काढायचे नाही. तो गुणक कठीण खडकांचा आहे. थराला समांतर आणि काटकोनात वेगवेगळे नोंदवले. सेलेनाइटवरचे सगळे वाचन रद्द. ते फक्त पाटनतल, म्हणजे स्फटिक सहज चिरतो ते पातळ, मोजते.

१८ फेब्रुवारी

झीज-टिकाऊपणा (स्लेक ड्युरेबिलिटी). मानक पद्धत: ४०–६० ग्रॅमचे १० तुकडे, २ मिमी जाळीचा पिंजरा, मिनिटाला २० फेरे, १० मिनिटे, मध्ये १०५ अंशांना वाळवण. इथे दोन चुका एकत्र होतात. वाळवणीत स्फटिकजल जाते आणि ते झीज म्हणून मोजले जाते. कुंडातल्या साध्या पाण्यात तुकडे विरघळतात, तेही झीज म्हणून मोजले जाते. कुंडात ५ लिटर पाणी असेल तर त्यात जास्तीत जास्त १२ ग्रॅम विरघळू शकते, ५०० ग्रॅमच्या नमुन्याचे अडीच टक्के. दहा मिनिटांत तेवढे होत नाही, पण चुकीची वरची मर्यादा माहीत असलेली बरी.

वाळवण ४५ अंशांना, कुंडात एकदा संपृक्त पाणी आणि एकदा साधे. दोहोंतला फरक म्हणजे विरघळणे, उरलेली झीज म्हणजे खरे सुटणे. शुद्ध अलाबास्टर संपृक्त पाण्यात जवळजवळ तसाच राहतो. मातीचे थर असलेले तुकडे मात्र संपृक्त पाण्यातही सुटतात, कारण तिथे माती फुगते, जिप्समचा दोष नसतो. हे वेगळे काढणे गरजेचे आहे: एकाला पाण्याची रासायनिक स्थिती वाचवते, दुसऱ्याला नाही.

सेंट फ्रान्सिस धरणाचा उजवा, म्हणजे पश्चिमेचा, खांदा (दरीच्या उताराला टेकलेली बाजू) ज्या पिंडाश्मावर (गोटे चिकटून बनलेल्या खडकावर) होता त्यात जिप्सम होता. तो खडक कोरडा असताना पक्का दिसे, पाण्यात टाकल्यावर भुगा होई. १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिफोर्नियातले हे धरण फुटले आणि चारशेहून जास्त माणसे गेली. पुढच्या अभ्यासांनी फुटण्याची सुरुवात समोरच्या, पूर्वेच्या खांद्यावर दाखवली आहे. तरी तो पिंडाश्म कुणी एकदा बादलीभर पाण्यात टाकून पाहिला असता तर तिथे पाया घेतला गेला नसता. ही चाचणी फुकट होते. प्रत्येक कोअरचा एक तुकडा काचेच्या भांड्यात पाण्यात टाकून ठेवला आहे.

२४ फेब्रुवारी

सरपट. भार-तरफेच्या चौकटी लावल्या. एकाच भाराखाली एक नमुना कोरडा, एक संपृक्त पाण्यात. भार सामर्थ्याच्या २५, ४० आणि ६० टक्के. डायल गेज ०.००२ मिमीचा. खोलीचे तापमान आणि आर्द्रता रोज लिहायची, कारण दमट दिवशी कोरडा नमुनाही वेग धरतो.

कारण असे: कणांच्या सांध्यावर दाब जास्त असतो तिथे जिप्सम पाण्यात विरघळतो आणि शेजारच्या मोकळ्या जागेत पुन्हा जमतो. एकूण वजन तेच राहते, पण नमुना आखूड होतो. संपृक्त पाण्यातही हे थांबत नाही. म्हणजे भिजलेल्या जिप्समचे दीर्घकालीन सामर्थ्य आणि प्रयोगशाळेत पाच मिनिटांत मोजलेले सामर्थ्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तलावाच्या पायाला ताण कमी असल्याने हे निभावते. जुन्या जिप्सम खाणींच्या खांबांना निभावत नाही. खाणीत पाणी शिरले की वर्षानुवर्षे उभे असलेले खांबही ढासळतात.

३ मार्च

विरघळण्याचा वेग. ५० मिमी व्यासाच्या चकत्या, कडा आणि मागची बाजू इपॉक्सीने बंद, एकच तोंड उघडे. ५०० मिली डिस्टिल्ड पाणी, खाली चुंबकीय ढवळणी, दर अर्ध्या तासाला ईसी. ईसीवरून लिटरला किती ग्रॅम हे काढण्यासाठी संपृक्त द्रावण १०, २५ आणि ५० टक्क्यांना पातळ करून आधी वक्र बनवून घेतला. चकतीवर हवेचे बुडबुडे चिकटतात आणि तेवढे क्षेत्र बंद होते, म्हणून पाणी उकळून गार केलेले हवे.

नियम साधा आहे: विरघळण्याचा वेग = स्थिरांक × क्षेत्रफळ × (संपृक्त प्रमाण − सध्याचे प्रमाण). स्थिरांक पाण्याच्या वेगावर अवलंबून असतो. पायाच्या गणितासाठी सेकंदाला ०.००२ मिमी धरला आहे. जोरात ढवळले की तो वाढतो, म्हणून ढवळणीचे फेरे लिहून ठेवायचे. ताज्या पाण्यासमोर या स्थिरांकाने जिप्समची भिंत दिवसाला सुमारे ०.१८ मिमी मागे सरते, वर्षाला साडेसहा सेंमी. वाहत्या नदीत वेग याहून बराच जास्त असतो.

६ मार्च

या प्रकल्पातले सर्वांत महत्त्वाचे पान.

भेगेतून जाणारे पाणी रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाणीदाबाचा उतार (वाटेच्या दर मीटरमागे पाण्याच्या पातळीत पडणारा फरक) ०.२ धरून, भेगेच्या प्रत्येक मीटर लांबीमागे:

०.२ मिमी भेग: दिवसाला ११३ लिटर.
०.५ मिमी: दिवसाला सुमारे १,७७० लिटर.
१ मिमी: दिवसाला सुमारे १४,००० लिटर.

आता हे पाणी किती अंतरात संपृक्त होते ते पाहायचे. ते अंतर ‘प्रवाह भागिले दुप्पट स्थिरांक’ या प्रमाणात असते. तेवढे अंतर गेले की पाण्याची भूक (आणखी जिप्सम विरघळवण्याची क्षमता) जवळजवळ एक तृतीयांशावर येते. ०.२ मिमीच्या भेगेत ते ०.३३ मीटर आहे. म्हणजे मीटरभर आत गेल्यावर पाणी जवळपास भरलेले असते आणि पुढची भेग तशीच राहते. तोंडाशी खडक खाल्ला जातो, पण प्रवाह आतल्या अरुंद भागाने अडवलेला असतो. अशी भेग वर्षानुवर्षे सांभाळता येते.

०.५ मिमीला ते अंतर ५ मीटर होते. १ मिमीला ४१ मीटर. दहा मीटर लांबीच्या मार्गातून १ मिमी भेगेचे पाणी बाहेर पडते तेव्हाही त्याची तीन चतुर्थांशाहून जास्त भूक शिल्लक असते. ही भेग तोंडापासून शेवटपर्यंत एकसारखी रुंदावते, दोन्ही भिंती मिळून दिवसाला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर. रुंदावली की प्रवाह घनाने वाढतो, पाणी आणखी उपाशी राहते, भेग आणखी रुंदावते. तिथून पुढे आठवड्यांचा हिशोब उरतो.

म्हणून या पायाची सुरक्षितता मेगापास्कलमध्ये नाही, भेगांच्या रुंदीत आणि मार्गाच्या लांबीत आहे. पाच पट रुंद भेग सव्वाशे पट धोकादायक आहे. पाणीदाबाचा उतार वाढला की सुरक्षित रुंदी खाली येते. तलावाची पातळी दोन मीटरने वाढवण्याचा निर्णय नंतर कुणी घेतला तर हे गणित पुन्हा करावे लागेल. संपृक्ततेच्या अगदी जवळ विरघळणे या सरळ नियमापेक्षाही मंदावते आणि थोडी भूक लांबवर टिकते, त्यामुळे ०.२ मिमी ही रुंदी सैल धरायची नाही.

यूटामधील क्वेल क्रीकचा बांध १ जानेवारी १९८९ रोजी फुटला. पायातल्या जिप्समच्या पट्ट्या आणि भेगांमधून गळती होती, दुरुस्त्या चालू होत्या, तरी पाण्याने वाट काढली. इराकमधले मोसूल धरण जिप्सम, अ‍ॅनहायड्राइट, मार्ल (चुनायुक्त मातीखडक) आणि चुनखडीच्या थरांवर उभे आहे. ११३ मीटर उंच. १९८६ पासून तिथे ग्राउटिंग (भेगांत सिमेंटचे मिश्रण दाबाने भरणे) जवळजवळ अखंड करावे लागते. ऑगस्ट २०१४ मध्ये युद्धामुळे ते काम खंडित झाले, आणि २०१६ पासून इटलीच्या कंपनीने मोठी दुरुस्ती हाती घेतली. पाणीपातळीही आराखड्यातल्या ३३० मीटरऐवजी ३१९ वर रोखावी लागली होती. जगातल्या या एका धरणाकडे पाहिले तरी ‘नंतर ग्राउट करू’ या वाक्याची किंमत कळते.

१० मार्च

पॅकर चाचणीच्या सूचना (आयएस ५५२९ भाग २). या चाचणीत बोअरचा एक टप्पा बंद करून त्यात दाबाने पाणी सोडतात आणि किती झिरपते ते मोजतात. चाचणीच्या ताज्या पाण्याने भेगाच रुंद होतील का, असा प्रश्न आला. हिशोब: ५ मीटर टप्पा, १ मेगापास्कल, १० मिनिटे. १ लुजिऑनला (गळतीचे एकक: १ मेगापास्कलला मीटरमागे मिनिटाला १ लिटर) पाणी जाते ५० लिटर. ते पूर्ण संपृक्त झाले तरी १२० ग्रॅम खडक घेऊन जाते. नगण्य. ५० लुजिऑनला २,५०० लिटर, वरची मर्यादा ६ किलो. तिथे संपृक्त पाणी वापरावे. दाब वाढवत नेऊन परत उतरवताना त्याच दाबाला आधीपेक्षा जास्त पाणी गेले, तर भेगेतली माती धुतली गेली आहे. तो टप्पा वेगळा खुणावून ठेवायचा.

१२ मार्च

क्ष-किरणांत सर्वांत खालच्या टप्प्यातल्या दोन तुकड्यांत अ‍ॅनहायड्राइट निघाले. अ‍ॅनहायड्राइट पाणी घेऊन जिप्सम होतो तेव्हा घन भागाचे आकारमान ६० टक्क्यांहून अधिक वाढते. जर्मनीत श्टाउफेन गावात २००७ साली भूऔष्णिक बोअर मारल्यावर अ‍ॅनहायड्राइटच्या थरात भूजल पोचले, जमीन वर उचलली गेली आणि जुन्या वस्तीतल्या घरांना तडे गेले. त्यामुळे इथले कोणतेही बोअर त्या थरात उघडे सोडायचे नाही. तपासणीचे बोअरसुद्धा तळापासून वरपर्यंत ग्राउटने बंद करायचे, आणि तो ग्राउट घट्ट हवा, पाणी सुटणारा नको.

१७ मार्च

सिमेंट आणि ग्राउट.

आयएस ४५६ (काँक्रीटचे मानक) चा सल्फेटचा तक्ता लावताना गोंधळ होतो. खडकातले एकूण सल्फेट (एसओ३ म्हणून) पाहिले तर शुद्ध जिप्सममध्ये ते ४६ टक्क्यांच्या वर आहे आणि २ टक्क्यांच्या पुढे सगळे पाचव्या वर्गात जाते. भूजल पाहिले तर केवळ जिप्समने भरलेल्या पाण्यात एसओ३ लिटरला सुमारे ११०० मिलिग्रॅम, म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या १२०० च्या मर्यादेत. जिप्सम जितका विरघळू शकतो त्याहून जास्त सल्फेट देऊ शकत नाही, म्हणून काँक्रीटचा वर्ग पाण्यावरून ठरवणे बरोबर. पण नागौरकडच्या खाऱ्या पाण्यात विद्राव्यता वाढते आणि सोडियम-मॅग्नेशियमचे सल्फेटही असू शकते. प्रत्यक्ष पाण्याचे नमुने १२०० च्या वर गेले तर तिसरा वर्ग: सल्फेटरोधक सिमेंट, घनमीटरला किमान ३३० किलो, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० पर्यंत. आमची शिफारस पाण्याचे आकडे कमी आले तरी तिसऱ्या वर्गाचीच आहे.

ग्राउटला आयएस १२३३० चे सल्फेटरोधक सिमेंट. साध्या सिमेंटमधले ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट जिप्समच्या सान्निध्यात फुगणारे खनिज बनवते आणि ग्राउटचा पाणी अडवणारा पडदा आतून तडकतो. मिश्रण पातळ करून सुरुवात करायची नाही. दहास एक (पाणी : सिमेंट) अशा ग्राउटमधले बहुतेक पाणी सुटते आणि ते ताजे पाणी भेगेच्या भिंतीच खाते. दोनास एक किंवा त्याहून घट्ट, थोडे बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) घालून, पाणी न सुटणारे.

ग्राउट भेगेत शिरायला भेग सिमेंटच्या मोठ्या कणाच्या किमान तिप्पट रुंद हवी. साध्या सिमेंटचे मोठे कण ८०–१०० मायक्रॉनचे, म्हणजे साधारण ०.२५–०.३ मिमीच्या खालच्या भेगा भरत नाहीत. आणि आपल्या उताराला ०.२ मिमीपर्यंतच्या भेगा आपोआप मर्यादेत राहतात. मधल्या पट्ट्यातल्या, ०.२ ते ०.३ मिमीच्या भेगा कुणाच्याच हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी दुसऱ्या फेरीत अतिसूक्ष्म सिमेंट धरले आहे. खर्च वाढतो, पण या पट्ट्यातली भेग दोन वर्षांनी आपोआप वरच्या पट्ट्यात गेलेली असेल.

ग्राउट पडद्यासोबत तळाला जिओमेम्ब्रेनचे (जलरोधक प्लास्टिकच्या चादरीचे) अस्तर आणि अस्तराखाली निचरा. अस्तर आहे म्हणून पडदा वगळायचा नाही: एका फाटक्या सांध्याखाली सगळे पाणी एकाच भेगेवर येते.

२१ मार्च

निरीक्षणाचा तक्ता तयार केला. प्रत्येक निचऱ्याच्या तोंडाशी दोन वाचने: प्रवाह आणि ईसी. नुसता प्रवाह पुरत नाही. नितळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी नव्हे, कारण विरघळलेला जिप्सम डोळ्याला दिसत नाही. उदाहरण तक्त्याच्या डोक्यावरच छापले आहे: निचऱ्याचा प्रवाह सेकंदाला १ लिटर, तलावाच्या पाण्यापेक्षा लिटरला १.५ ग्रॅम जिप्सम जास्त. म्हणजे दिवसाला १३० किलो, वर्षाला ४७ टन, पायात २० घनमीटर पोकळी.

वाचनाचा अर्थ लावताना: प्रवाह स्थिर आणि ईसी २.२ च्या आसपास असेल तर पाणी लांब, अरुंद वाटेने भरून येत आहे. प्रवाह वाढतो आहे आणि ईसी उतरते आहे, तर पाणी कमी वेळात, रुंद वाटेने येत आहे. पातळी लगेच उतरवायची आणि त्या रेषेवर पॅकर चाचणी घ्यायची. तलाव भरताना वाचन रोज, पहिल्या वर्षी आठवड्याला, नंतर पंधरवड्याला आणि पातळी मीटरभराने बदलली की लगेच. तलावाच्या पाण्याची ईसी त्याच दिवशी घ्यायची, नाहीतर वजाबाकी करता येत नाही. मीटर दर महिन्याला पोटॅशियम क्लोराइडच्या मानक द्रावणाने तपासायचा.

सरपटीच्या चौकटी चालूच ठेवल्या आहेत. ६० टक्के भाराखालच्या ओल्या नमुन्याचे वाचन अजून स्थिरावलेले नाही.